अल्डिहाइड आणि प्लाझ्मालोजेन : गीसेनमध्ये ठेवलेल्या दोन नावांचा इतिहास



जबलपूरच्या बाजारात हिवाळ्यात मटारचे ढीग लागतात. त्याच मटारचे सुके दाणे ओल्या टिपकागदावर तीन-चार दिवस ठेवले की मूळ फुटते, आणि त्या मुळाचे टोक कापून वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात पेशीविभाजन दाखवता येते. बहुतेक ठिकाणी हे काम ॲसिटोकार्मिनवर उरकतात. जिथे थोडी सवड असते तिथे फॉयल्गेन रंजन करतात : टोक ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटे ठेवायचे, धुवायचे, आणि मग शिफच्या अभिकर्मकात अंधारात ठेवायचे. थोड्या वेळाने गुणसूत्रे जांभळट गुलाबी होतात. पेशीचा बाकीचा भाग रंगहीन राहतो.

आता हाच अभिकर्मक प्राण्याच्या ताज्या, गोठवून कापलेल्या ऊतीवर वापरून पाहा. छेद आधी मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात थोडा वेळ बुडवून घेतला, तर रंग केंद्रकाला न येता त्याच्या भोवतीच्या पेशीद्रव्याला येतो. शिफचा अभिकर्मक ही अल्डिहाइडची कसोटी आहे हे तुम्ही बारावीतच शिकला आहात. मग प्राण्यांच्या पेशीद्रव्यात अल्डिहाइड आहे असे म्हणायचे का?

परीक्षेत या प्रश्नाला पुष्कळ विद्यार्थी ‘होय’ म्हणतात. उत्तर ‘नाही’ असे आहे. हे ‘नाही’ नीट सिद्ध व्हायला तीसहून अधिक वर्षे लागली, आणि मधली बरीच वर्षे पाठ्यपुस्तकांत एक चुकीची संरचना छापली जात होती. ती चूक कशी झाली आणि कशी निस्तरली, ते या टिपणात पाहू. अल्डिहाइड आणि प्लाझ्मालोजेन यांतला फरक दोन ओळींत सांगता येतो, पण तो लक्षात राहायचा असेल तर हा इतिहास वाचावा लागेल असे माझे मत आहे.

शब्दांविषयी आधी थोडेसे

जबलपूर, सागर, कटनी या भागांतल्या मराठी घरांतून आलेल्या वाचकांसाठी एक सूचना. तुमचे शिक्षण बहुधा हिंदी किंवा इंग्रजीतून झालेले असते, त्यामुळे मराठी टिपण वाचताना दोन शब्द हमखास घोटाळा करतात. हिंदीत ‘पेशी’ म्हणजे मांसपेशी. मराठीत पेशी म्हणजे हिंदीतली ‘कोशिका’. आणि मराठीत ‘स्नायू’ म्हणजे ज्याच्या आकुंचनाने हातपाय हलतात तो. हिंदीत ‘स्नायु’ हा शब्द बऱ्याचदा मज्जातंतूसाठी येतो. पुढे बैलाच्या स्नायूतून काढलेल्या एका पदार्थाचा उल्लेख येईल, तिथे मज्जातंतू समजू नका. हिंदीतल्या ‘वसा अम्ला’ला इथे मेदाम्ल म्हटले आहे.

हे विषयांतर वाटेल, पण तसे ते नाही. या सगळ्या प्रकरणाचे मूळ नावातच आहे.

पहिले नाव : १८३५

जर्मनीतल्या गीसेन या छोट्या विद्यापीठात १८२४ साली युस्टुस लिबिग हा जेमतेम एकवीस वर्षांचा तरुण प्राध्यापक म्हणून रुजू झाला. विद्यार्थ्यांनी स्वतः हाताने विश्लेषण करायचे, ही प्रयोगशाळेची पद्धत त्याने तिथे रुजवली. आज जगभरच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांचे मूळ तिथपर्यंत नेता येते. मद्यार्काचे ऑक्सिडीकरण करताना एक उग्र वासाचा, झटकन उडून जाणारा द्रव मिळतो हे त्याच्या आधीच्या रसायनज्ञांनाही ठाऊक होते. लिबिगने अमोनियाबरोबर त्याचे स्फटिक बनवले, स्फटिकातून तो शुद्ध रूपात परत मिळवला आणि त्याचे नेमके घटक ठरवले. मद्यार्कातून हायड्रोजन काढून घेतला की हा पदार्थ उरतो, म्हणून ‘हायड्रोजन काढलेले अल्कोहोल’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांचे तुकडे जोडून त्याने नाव केले : अल्डिहाइड. त्या द्रवाला आपण आज ॲसिटाल्डिहाइड म्हणतो. चांदीच्या क्षाराच्या द्रावणातून तो काचेवर आरसा जमवतो, हेही लिबिगने तेव्हाच पाहिले होते. प्रात्यक्षिकात तुम्ही टॉलेन्सच्या नावाने जी चांदीच्या आरशाची कसोटी करता ती त्याच जातीची.

लक्षात घ्या, हे नाव पदार्थ कसा तयार झाला ते सांगणारे होते. रेणूत कोणता अणू कशाला जोडला आहे, हे १८३५ मध्ये कुणालाच सांगता येत नव्हते. कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यात दुहेरी बंध, त्याच कार्बनवर एक हायड्रोजन, ही अल्डिहाइडची व्याख्या नंतरच्या पिढ्यांनी त्या नावात भरली. आज आपण ‘अल्डिहाइड’ म्हणतो तेव्हा हा मोकळा गट रेणूत प्रत्यक्ष हजर आहे, असेच म्हणत असतो.

तीस वर्षांनी, १८६६ मध्ये, इटलीत स्थायिक झालेल्या ह्यूगो शिफ या जर्मन रसायनज्ञाने दाखवले की सल्फर डायऑक्साइडने रंग घालवलेला फ्युक्सिन हा रंजक अल्डिहाइड भेटताच पुन्हा रंगीत होतो. कसोटी सोपी आणि संवेदनशील होती, सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा वापरता येण्याजोगी. मात्र ती इतकेच सांगते की अभिकर्मक ओतला त्या क्षणी तिथे अल्डिहाइड होते. ते आधीपासून होते की तुम्ही आधी घातलेल्या आम्लाने किंवा पाऱ्याच्या क्षाराने घडवले, हे ती सांगत नाही.

१९१४ ते १९२४ : फॉयल्गेन

रॉबर्ट फॉयल्गेन (१८८४–१९५५) शिक्षणाने वैद्य होता. बर्लिनमध्ये न्यूक्लिइक आम्लावर काम करताना १९१४ मध्ये त्याला आढळले की ‘थायमोन्यूक्लिइक आम्ला’ला (आजच्या भाषेत डीएनए) सौम्य आम्लात गरम केले की ते शिफच्या अभिकर्मकाला रंग देते. न तापवलेले देत नाही. म्हणजे अल्डिहाइड मुळात मोकळे नव्हते. आम्लाने प्युरिन हा भाग सुटून निघाला आणि साखरेचा अल्डिहाइड गट उघडा पडला. ही साखर डीऑक्सिरायबोज आहे हे तेव्हा माहीतही नव्हते. ते १९२९ मध्ये लीव्हीनने दाखवले.

पहिल्या महायुद्धानंतर फॉयल्गेन गीसेनला आला. तिथे त्याने रोसेनबेक या सहकाऱ्याबरोबर ही कसोटी सूक्ष्मदर्शकाखालच्या छेदांवर आणली, आणि १९२४ मध्ये ते काम प्रसिद्ध झाले. त्याचे महत्त्व आज चटकन कळत नाही. त्या काळी समजूत अशी होती की एका प्रकारचे न्यूक्लिइक आम्ल प्राण्यांत असते आणि दुसऱ्या प्रकारचे वनस्पतींत. फॉयल्गेनने वनस्पतींची केंद्रकेही त्याच कसोटीने रंगवून दाखवली. तुमच्या मटारच्या मुळाचे गुलाबी गुणसूत्र हे त्याच पुराव्याची पुनरावृत्ती आहे.

त्याच वर्षी, लिबिग गीसेनला आल्याला बरोबर शंभर वर्षे झाली असताना, त्याच गावात दुसरे नाव जन्माला आले.

छेद करण्याची नेहमीची पद्धत अशी : ऊती अल्कोहोलमध्ये टप्प्याटप्प्याने ठेवायची, मग झायलीनमध्ये, मग पॅराफिनमध्ये बसवून कापायची. अल्कोहोल आणि झायलीन या दोन्ही द्रवांत मेद विरघळतात. म्हणजे आपण पाहतो तो छेद जवळजवळ मेदरहित असतो, आणि हे आपल्या लक्षातही येत नाही. फॉयल्गेन आणि फोइट यांनी ताज्या, मेद न धुतलेल्या ऊतीचे छेद वापरले तेव्हा अपेक्षेपेक्षा वेगळेच घडले. आम्लाची किंवा मर्क्युरिक क्लोराइडची क्रिया झाल्यावर केंद्रकाऐवजी पेशीद्रव्य रंगले. मेद काढून टाकलेल्या ऊतीत हा रंग येत नसे. तेव्हा रंग देणारा पदार्थ मेदांपैकी असला पाहिजे, आणि शिफची कसोटी लागली म्हणजे तो अल्डिहाइड असला पाहिजे.

इथे फॉयल्गेनचे कौतुक करायला हवे. त्याने एक नाव न ठेवता दोन ठेवली. रंग देणाऱ्या अल्डिहाइडला त्याने ‘प्लाझ्माल’ म्हटले : पेशीद्रव्यातले म्हणून ‘प्लाझ्मा’, आणि अल्डिहाइड म्हणून शेवटी ‘आल’. ज्या मूळ पदार्थातून आम्लाने किंवा पाऱ्याने प्लाझ्माल निघते, त्याला ‘प्लाझ्मालोजेन’ म्हटले, म्हणजे प्लाझ्मालचा जनक. जनक आणि अपत्य वेगळे, हे त्याच्या शब्दांतच होते. पुढच्या काही वर्षांत प्लाझ्माल हे एकच संयुग नसून मुख्यतः सोळा आणि अठरा कार्बनच्या लांब साखळीच्या अल्डिहाइडांचे मिश्रण आहे, हेही त्याच्या गटाने ठरवले. पामिटिक आणि स्टिअरिक मेदाम्लांची ही अल्डिहाइड-भावंडे.

गोंधळ नंतरच्यांनी केला. रंग दिसला की ‘अल्डिहाइड आहे’ असे लिहिण्याची सवय लागली. शिवाय आणखी एक अडचण होती : असंतृप्त मेद हवेत उघडे राहिले की त्यांचे ऑक्सिडीकरण होऊन अल्डिहाइड बनतात, आणि तेही शिफला रंग देतात. प्लाझ्मालोजेन नसतानाही पेशीद्रव्य गुलाबी! ऑक्सफर्डच्या ए. जे. केन यांनी १९४९ मध्ये या प्रतिक्रियेच्या अर्थाची कसून चिकित्सा केली. हा खोटा रंग ओळखायचा तर शेजारी एक छेद पाऱ्याच्या क्षाराशिवाय थेट शिफमध्ये ठेवावा लागतो. त्यालाही रंग आला तर दोष हवेचा. ही तुलना न केलेली रंगीत छायाचित्रे मी ग्राह्य धरत नाही, तुम्हीही धरू नका.

१९३९ची संरचना आणि तिची चूक

प्लाझ्मालोजेनमध्ये अल्डिहाइड कसे बांधलेले असते? रसायनज्ञाच्या डोक्यात पहिले उत्तर येते ते ॲसिटल. अल्डिहाइडला अल्कोहोलचे दोन गट जोडले की ॲसिटल बनते. ते अल्कलीत टिकते आणि आम्लात फुटून अल्डिहाइड परत देते. प्लाझ्मालोजेनचे वर्तन अगदी असेच होते.

१९३९ मध्ये फॉयल्गेन आणि बेर्सिन यांनी बैलाच्या स्नायूंतून निघालेल्या फॉस्फरसयुक्त मेदांवर अल्कलीची क्रिया करून एक स्फटिकरूप पदार्थ वेगळा केला. त्याच्या विश्लेषणात ग्लिसरॉल, फॉस्फोरिक आम्ल, इथेनॉलअमाइन आणि एक लांब साखळीचे अल्डिहाइड एवढे घटक निघाले. अल्डिहाइडचा कार्बन ग्लिसरॉलच्या दोन ऑक्सिजनांमध्ये कडीसारखा अडकलेला, म्हणजे चक्रीय ॲसिटल, अशी संरचना त्यांनी मांडली. ‘ॲसिटल फॉस्फेटाइड’ हे नाव पुस्तकांत बसले ते जवळजवळ दोन दशके.

त्यांच्या हातातला स्फटिक खरा होता. विश्लेषणही बरोबर होते. चूक आधीच्या पायरीत होती. अल्कलीने मूळ रेणूतले एस्टर बंध तोडले आणि त्याबरोबर एक मेदाम्ल निघून गेले. ते साबण म्हणून बाजूला पडले आणि ‘अशुद्धी’त गणले गेले. मेदाम्ल गेल्यामुळे ग्लिसरॉलच्या मधल्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट मोकळा झाला, आणि पुढच्या प्रक्रियेत तो शेजारच्या संवेदनशील बंधावर येऊन बसला. कडी तिथे तयार झाली. पेशीत ती कधीच नव्हती. १९२४ मध्ये जो धडा फॉयल्गेनने इतरांना शिकवला, की अभिकर्मकाने घडवलेले आणि मुळात असलेले वेगळे असते, त्याच धड्यात तो स्वतः १९३९ मध्ये फसला. मला यात त्याची थट्टा करावीशी वाटत नाही. कागदवर्णलेखनही तेव्हा नव्हते, आणि असा तेलकट, हवेत बिघडणारा पदार्थ स्फटिकरूपात आणणे हीच मोठी कामगिरी होती.

१९५०चे दशक : हिशेब जुळवला

पहिला धक्का हिशेबाने दिला. कलोन येथे एर्न्स्ट क्लेंक आणि हिल्डेगार्ड डेबुख यांनी अल्कली न लावता मिळवलेल्या मेदांची मोजणी केली, तेव्हा अल्डिहाइडच्या प्रत्येक रेणूमागे मेदाम्लाचाही एक रेणू आढळला. चक्रीय ॲसिटलमध्ये अल्डिहाइडने ग्लिसरॉलच्या दोन्ही जागा अडवलेल्या असतात आणि तिसऱ्या जागी फॉस्फेट असते. मग मेदाम्ल कुठे बसणार? जागाच उरत नाही. म्हणजे अल्डिहाइड देणारी साखळी एकाच ऑक्सिजनवर टांगलेली असली पाहिजे.

एकाच ऑक्सिजनवर टांगलेली आणि तरी आम्लात सुटून अल्डिहाइड होणारी अशी कोणती जोडणी? उत्तर १९५७ मध्ये मॉरिस रॅपोर्ट आणि सहकाऱ्यांच्या कामातून पक्के झाले. (हाच रॅपोर्ट, ज्याने १९४८ मध्ये ग्रीन आणि पेज यांच्याबरोबर सेरोटोनिन वेगळे केले होते.) ऑक्सिजनला लागूनच्या दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध आहे, म्हणजे हा व्हायनिल ईथर आहे. युक्तिवाद असा : ॲसिटलमध्ये दुहेरी बंध नसतो, म्हणून ते उत्प्रेरकाच्या साह्याने हायड्रोजन शोषणार नाही आणि आयोडीनशीही संयोग पावणार नाही. व्हायनिल ईथर दोन्ही करील. आणि एकदा हायड्रोजन शोषला की तो साधा ईथर होईल. मग आम्ल कितीही घाला, अल्डिहाइड निघणार नाही. प्रयोगात तसेच घडले.

आता हे तुमच्या पाठ्यक्रमाशी जोडून घ्या. कीटो-ईनॉल चलरूपता तुम्ही शिकला आहात. ॲसिटाल्डिहाइडचे ईनॉल रूप म्हणजे व्हायनिल अल्कोहोल. ते टिकत नाही, लगेच अल्डिहाइड होते, कारण त्याच्या हायड्रॉक्सिलवरचा हायड्रोजन जागा बदलू शकतो. त्या हायड्रोजनच्या जागी ग्लिसरॉलचा सांगाडा बसवा. आता बदलायला हायड्रोजनच नाही. ईनॉल रूप कुलूपबंद झाले. प्लाझ्मालोजेन म्हणजे असे कुलूप लावलेले ईनॉल. ग्लिसरॉलच्या पहिल्या कार्बनवर ही व्हायनिल ईथर साखळी (दुहेरी बंध सिस), दुसऱ्यावर एस्टर बंधाने मेदाम्ल, तिसऱ्यावर फॉस्फेट आणि त्याला इथेनॉलअमाइन किंवा कोलीन.

कुलूप आम्लाने उघडते. ऑक्सिजन आपली इलेक्ट्रॉन-जोडी दुहेरी बंधाकडे ढकलतो, त्यामुळे दूरचा कार्बन प्रोटॉन पटकन उचलतो. धनभार ऑक्सिजनशेजारच्या कार्बनवर येतो, तिथे पाणी जोडले जाते, हेमिॲसिटल तयार होते आणि तुटते. एका बाजूला लांब साखळीचे अल्डिहाइड, दुसऱ्या बाजूला एक साखळी गमावलेला फॉस्फोलिपिड. साधा ईथर इतक्या सौम्य आम्लाला दाद देत नाही. पाऱ्याचे आयन त्याच दुहेरी बंधावर येऊन हेच काम करतात, म्हणून फॉयल्गेनचा मर्क्युरिक क्लोराइड. अल्कली मात्र फक्त एस्टर तोडते.

फरक तपासायचा झाल्यास शुद्ध, अबाधित प्लाझ्मालोजेन टॉलेन्सला आरसा देणार नाही आणि बायसल्फाइटशी स्फटिक बनवणार नाही. शिफच्या बाबतीत जपून, कारण तो अभिकर्मक स्वतःच आम्लधर्मी असतो. नमुना त्यात फार वेळ राहिला तर हळूहळू रंग चढतो आणि तुम्ही पुन्हा १९२४ मध्ये पोहोचता. अवरक्त वर्णपटात कार्बोनिल दिसले म्हणून हुरळू नका. ते दुसऱ्या कार्बनवरच्या एस्टरचे आहे. प्रोटॉन एनएमआर मात्र फसवत नाही : अल्डिहाइडचा प्रोटॉन ९.७ पीपीएमच्या आसपास येतो, प्लाझ्मालोजेनमधला ऑक्सिजनशेजारचा व्हायनिल प्रोटॉन ५.९च्या आसपास.

दोन आजार

एवढा काथ्याकूट कशासाठी, असे वाटत असेल तर पुढचे वाचा.

माणसाच्या शरीरातल्या एकूण फॉस्फोलिपिडांपैकी सुमारे पाचवा हिस्सा प्लाझ्मालोजेन आहे. मेंदूतल्या इथेनॉलअमाइन फॉस्फोलिपिडांत तर त्याचा वाटा निम्म्याहून जास्त. हा सगळा साठा जर अल्डिहाइड असता तर आपण जगलोच नसतो. मोकळे अल्डिहाइड प्रथिनांच्या अमिनो गटांना चिकटते. या जोडणीला ‘शिफचा बेस’ म्हणतात. नाव त्याच ह्यूगो शिफचे.

१९५७ मध्ये, म्हणजे प्लाझ्मालोजेनची संरचना पक्की झाली त्याच वर्षी, स्वीडनमध्ये श्योग्रेन आणि लार्सन यांनी एका आनुवंशिक आजाराचे वर्णन केले : जन्मापासून खवल्यांसारखी कोरडी त्वचा, पायांत ताठरपणा, बौद्धिक वाढ खुंटलेली. कारण कळायला १९८८ साल उजाडले. लांब साखळीच्या अल्डिहाइडचे मेदाम्लात रूपांतर करणारी विकर-यंत्रणाच या मुलांत लंगडी असते. अल्डिहाइड मोकळे साचते.

दुसरे टोक १९८३चे. झेलवेगर आजाराने गेलेल्या बालकांच्या ऊतींत प्लाझ्मालोजेन जवळजवळ नसतेच, असे हेमान्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले. या बालकांच्या पेशींत पेरॉक्सिसोम ही अंगके नीट तयार होत नाहीत, आणि प्लाझ्मालोजेन बनण्याच्या पहिल्या पायऱ्या तिथेच होतात. त्या पायऱ्यांचा मार्ग १९६८ मध्ये मिशिगन विद्यापीठात अमिय हाजरा आणि बर्नार्ड ॲग्रॅनॉफ यांच्या कामातून उलगडू लागला होता. दंड आणि मांड्या आखूड, जन्मतःच मोतीबिंदू, अशा आणखी एका आजारातही प्लाझ्मालोजेनचीच उणीव असते.

एका आजारात अल्डिहाइड फार, दुसऱ्यात प्लाझ्मालोजेन नाही. दोन्ही शब्द एकच मानणाऱ्याला हे दोन आजार एकमेकांच्या उलट दिसतील आणि तो गोंधळेल. प्रत्यक्षात ते वेगवेगळ्या संयुगांचे आहेत.

निदानाची रीत पाहण्यासारखी आहे. लाल रक्तपेशींचा नमुना हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळलेल्या मिथेनॉलमध्ये तापवतात. प्लाझ्मालोजेन फुटते, निघालेले अल्डिहाइड मिथेनॉलच्या दोन रेणूंशी जोडले जाऊन डायमिथिल ॲसिटल होते, आणि वायू वर्णलेखनाने त्याचे मेदाम्लांशी प्रमाण मोजतात. गंमत अशी की १९३९ मध्ये ज्या ॲसिटलने सर्वांना चकवले, तेच इथे मुद्दाम बनवून मोजमापाला वापरतात. फरक इतकाच की आता ते आपण बनवले आहे, हे ठाऊक असते.

कुलूप कोण बसवते आणि कोण फोडते

शरीरातही प्लाझ्मालोजेनपासून अल्डिहाइड निघते, फक्त वेगळ्या परिस्थितीत. दाह झालेल्या जागी पांढऱ्या पेशी हायपोक्लोरस आम्ल सोडतात. ते व्हायनिल ईथरवर हल्ला करून क्लोरीनयुक्त अल्डिहाइड बनवते. आणि २०१८ मध्ये असे आढळले की ऑक्सिडीकरणाचा ताण पडलेला सायटोक्रोम-सी हाच बंध तोडू शकतो. सायटोक्रोम-सी म्हटले की मराठी वाचकाला कमला सोहोनी आठवायला हव्यात : जन्म इंदूरचा, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच. डी. मिळवली ती वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असते हे दाखवून.

आता पुन्हा मटारच्या मुळाकडे येऊ. सुरुवातीला सांगितलेला मर्क्युरिक क्लोराइडचा प्रयोग तुम्ही त्यावर करून पाहिलात (पाऱ्याचे क्षार विषारी आहेत, शिक्षकांच्या देखरेखीशिवाय नको) तरी पेशीद्रव्याला फॉयल्गेनचा तो रंग मिळणार नाही. उच्च वनस्पतींत प्लाझ्मालोजेन नसते. ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या कित्येक जिवाणूंत ते असते, प्राण्यांत असते, मधल्या मोठ्या टप्प्यावर नसते. असे का, यावर वाद चालू आहेत.

प्राण्यांत तो दुहेरी बंध पाडणारे विकर कार्यरत आहे हे १९७०च्या दशकापासून माहीत होते, पण ते कोणत्या जनुकाचे, याचा पत्ता लागत नव्हता. तो लागला एका मातीतल्या जिवाणूवरून. स्पेनमधल्या संशोधकांनी मिक्सोकॉकस झँथस या जिवाणूत प्रकाश पडताच संरक्षक रंगद्रव्य बनवण्याचा इशारा देणारे एक जनुक अभ्यासले होते. २०१९ मध्ये त्यांनी दाखवले की ते जनुक प्लाझ्मालोजेनचा दुहेरी बंध घडवते, आणि माणसातले त्याच्याशी जुळणारे जनुकही तेच काम करते. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटानेही स्वतंत्रपणे त्याच मानवी जनुकावर बोट ठेवले. त्या जनुकाला तोवर काम माहीत नसल्यामुळे ‘पटलातून आरपार जाणारे प्रथिन क्रमांक १८९’ एवढेच नाव होते. आता त्याच्या कामावरून नवे नाव मिळाले आहे. त्याचे एक भावंड वनस्पतींतही सापडते. मटारच्या हिरव्या पानात ते हरितलवकातल्या एका मेदाम्लावर दुहेरी बंध पाडते, आणि ईथरला हात लावत नाही.